संकष्टीचा चंद्रोदय



या देवळाचे कित्येक देणगीदार गिरगावच्या फणसवाडीतले. तिथे संकष्टीला वृद्ध माउल्या उपाशीपोटी गॅलरीत ताटकळतात. कॅलेंडरात चंद्रोदय नऊचा, पण समोरच्या इमारतीवर चंद्र यायला दहा वाजतात. छापील वेळ मोकळ्या क्षितिजाची असते.

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा. कृष्ण अष्टमीला तर मध्यरात्रच होते. गावागणिक वेळही बदलते. नागपूर पूर्वेला, म्हणून तिथे मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी.

पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसत नाही, तेव्हा छापील वेळेवरच अर्घ्य देऊन पाने वाढतात. इमारतीही ढगांसारख्याच समजाव्यात आणि मधुमेह असलेल्या माउल्यांना तरी वेळेवर जेवू घालावे.