सुई लावली की पसरतं?
(महिला दिनी सोसायटीच्या गच्चीवर झालेले मनोगत)

मैत्रिणींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या काकालोकांनो, तुम्हीही ऐका. वर्षभर मी डोक्याला स्कार्फ बांधून खाली भाजीवाल्याकडे यायचे, ते सगळ्यांनी पाहिलंय. विचारलं मात्र कोणी नाही. म्हणून आज मीच सांगते.

गाठ मला आंघोळ करताना लागली. सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले बायोप्सी करू. घरी आल्यावर एका नातेवाईक बाईंनी सांगितलं, "अगं, सुई लावू नकोस. सुई लावली की पसरतं." आणि मी, बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई, चार महिने गप्प बसले. ह्यांनाही सांगितलं नाही.

शेवटी मुलीने ओढत नेलं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगायचीच. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, त्यामुळे उपाशी राहायची गरज नव्हती. मी तरी उपाशीच गेले! सिस्टरने आधी बिस्किटं खायला लावली. काखेत पावडर लावू नका म्हणाले होते. कपडे पुढून उघडणारे हवेत. आपला हुकांचा ब्लाऊज एकदम सोयीचा.

उताणं झोपवलं, हात डोक्यावर. गार जेल, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ती गाठ. भुलेचं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं चुणचुणलं. मग छोटासा छेद आणि त्यातून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई. तिला स्प्रिंग असते, खट्ट असा आवाज होतो, स्टेपलरसारखा. डॉक्टरांनी तो आधीच ऐकवला, म्हणून दचकले नाही. सुई नेमकी गाठीत शिरताना पडद्यावर दिसत होती. मी पाहिलं, मुलीने डोळे मिटले असते. पाच वेळा खट्ट. बाटलीत शेवईच्या तुकड्यांसारखे पाच तुकडे. दुखलं नाही, दाब जाणवला. (काही गाठी हाताला लागतच नाहीत, मॅमोग्राफीत नुसते बारीक ठिपके दिसतात. तेव्हा सुई मॅमोग्राफीच्या आधाराने लावतात.)

मग दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली. टाका नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, दोन दिवस जड उचलायचं नाही. नेमकी तेव्हाच आपली लिफ्ट बंद होती, आणि पाण्याचे हंडे ह्यांनी तिसऱ्या मजल्यावर चढवले. तेव्हा त्यांना सगळं सांगावंच लागलं. आठवडाभर जागा निळी-हिरवी होती, एवढंच.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस सुईपेक्षा जड गेले. कॅन्सर निघाला. तो कुठल्या जातीचा, हार्मोनवर वाढणारा आहे का, हेही त्याच तुकड्यांवरून कळलं आणि आधी औषध की आधी ऑपरेशन ते ठरलं. गाठ सरळ कापून टाकली असती तर ही निवडच उरली नसती.

पसरण्याचं मी डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, सुईमुळे आजार वाढत नाही, थांबल्यामुळे वाढू शकतो. माझ्या चार महिन्यांत गाठ किती वाढली, ते कोणी सांगू शकत नाही. मी विचारायचंही सोडलं.

त्या नातेवाईक बाईंना गेल्या महिन्यात गाठ लागली. फोन मलाच आला. सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.