माझ्या आवडीची कोल्हापूरची गाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला ‘आवडीच्या गाण्यांवर चार शब्द बोला’ असे सांगितले, तेव्हा मला आधी हसूच आले. आवडीची गाणी मोजायला बसले तर कार्यक्रम आटोपून अल्पोपाहार निवून जायचा. म्हणून मी एक युक्ती केली. एकच गाव धरले, आणि त्या गावची गाणी तेवढी घेतली. ते गाव म्हणजे कोल्हापूर.

आपले दारव्हा कुठे आणि कोल्हापूर कुठे, असे तुम्ही म्हणाल. 2024 साली दिवाळीनंतर भाच्याच्या लग्नासाठी मी तिकडे गेले होते. आपली शकुंतला गाडी बंद पडलेली, म्हणून मूर्तिजापूरपर्यंत एस्.टी. आणि तिथून पुढे महाराष्ट्र एक्स्प्रेस. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळा झाला, मग भाचा म्हणाला, “मावशी, आता तुला एक जळालेली वास्तू दाखवतो.” ती वास्तू म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेले, मूळचे नाव पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली आणि आतले सगळे जळून गेले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेर उभे राहून पाहताना माझ्या मनात जे आले, तेच आज सांगणार आहे. पण आधी गाणी.

केशवराव भोसले हे कोल्हापूरचे. लहान वयातच ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. 1908 साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. नाटक मंडळी म्हणजे गाणारे, वाजवणारे, रंगवणारे अशा सगळ्यांचा मिळून एक संसारच. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले, आणि त्याच वर्षी केशवराव वारले. वय उणेपुरे एकतीस. त्या काळच्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या माझ्या वडिलांकडे होत्या. मला ती पदे फार आवडत. पण भगिनींनो, एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा लक्षात आली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती शारदा, तिचे रडणे, तिची विनवणी, हे सगळे बाईचे. पण गाणारा गळा मात्र पुरुषाचा. बाईचे दुःख रंगभूमीला चालत होते, बाई चालत नव्हती!

ज्या बायका गात होत्या, त्यांना तेव्हाचा समाज मानाने घरात घेत नव्हता. अल्लादियाखाँसाहेब हे शाहू महाराजांचे दरबारगवई. त्यांच्या दोन थोर शिष्या म्हणजे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या. केसरबाईंचे तर लहानपणीचे काही महिन्यांचे शिक्षण कोल्हापुरातच झाले, अब्दुल करीमखाँसाहेबांकडे. 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरचे निवडक आवाज भरलेली एकेक तबकडी त्यांवर बसवली. त्यांत आपल्या देशाचे गाणे म्हणून केसरबाईंची भैरवी आहे. जिला गाणारी बाई म्हणून लोकांनी नाके मुरडली असतील, तिचा आवाज आज सूर्यमालेच्या पार गेला आहे!

आता सिनेमाकडे येते, कारण तुम्ही त्याचीच वाट पाहत आहात. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली ती कोल्हापुरात. पुण्याला ती गेली 1933 साली. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 सालचा, तो कोल्हापुरातच तयार झाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. तेव्हा मागून दुसऱ्याने गायची सोय नव्हती. जो दिसेल त्यानेच गायचे. म्हणजे राणीचे गाणे प्रथमच एका घरंदाज बाईच्या तोंडून गावोगाव ऐकू गेले. दुर्गाबाईंना लोकांचे बोलणे काही कमी खावे लागले नाही. ती गाणी आज कानाला जुनी वाटतात, पण मला आवडतात, कारण त्यांत एक बाई स्वतः उभी राहिली आहे.

माझ्या आवडीचे पुढचे गाणे सांगितले तर तुम्ही हसाल. ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातली ‘बुगडी’. चित्रपट 1959 सालचा. दिग्दर्शक अनंत माने आणि संगीतकार वसंत पवार, हे दोघे कोल्हापूरचे; शब्द गदिमांचे, आवाज आशाताईंचा. पुण्यात हा चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला. पण माझ्या माहेरी हे गाणे गुणगुणायचीसुद्धा बंदी होती. तमाशाचे गाणे ना! लग्न होऊन 1974 साली मी दारव्ह्याला आले. एकदा पोळ्या लाटताना नकळत माझ्या तोंडून ते निघाले, आणि मागे पाहते तो सासूबाई दारात उभ्या. माझ्या हातातले लाटणे तिथेच थांबले. शेजारच्या काकूही बसल्या होत्या; त्यांनी भुवया चढवल्या. सासूबाई म्हणाल्या, “काहून थांबली व? बुगडीच तं हरपली तिची, अब्रू थोडीच हरपली! म्हण पुढं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात गाणे उघड झाले.

आता आनंदघन. या संगीतकाराची गाणी तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहेत. भालजी पेंढारकर यांच्या चित्रपटांना त्यांचे संगीत आहे: ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965), ‘तांबडी माती’ (1969). ‘मराठा तितुका मेळवावा’मधले ‘अखेरचा दंडवत’ हे गाव सोडून जाणाऱ्या माणसाचे गाणे. माझ्या पाठवणीच्या दिवशी मांडवातल्या कर्ण्यावर नेमके तेच लागले होते. ज्या वडिलांनी मला कधी मोठ्याने गाऊ दिले नाही, ते मांडवाच्या खांबाला धरून रडत होते. तेव्हापासून हे गाणे मी पुरते ऐकू शकत नाही. आणि बंदही करू शकत नाही.

दुसरे गाणे ‘साधी माणसं’मधले, ‘ऐरणीच्या देवा’. शब्द जगदीश खेबूडकरांचे. ते कोल्हापूरजवळच्या हळदीचे, पेशाने शिक्षक. लोहाराच्या बाईने ऐरणीपुढे मागितलेले हे मागणे आहे, आणि त्याला ताल आहे तो तिच्या कामाचा. आमच्या घरामागे तेव्हा लोहाराचे दुकान होते. लोहार घण मारी आणि त्याची बायको दिवसभर भाता ओढी. तिच्यावाचून विस्तव पेटत नसे, पण दुकान ओळखले जाई ते त्याच्या नावाने. रेडिओवर हे गाणे लागले की सासूबाई खिडकी उघडून ठेवीत, “तिलेही आयकू दे,” म्हणून.

हे आनंदघन म्हणजे कोण, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. लताबाई मंगेशकर! वडील 1942 साली गेल्यावर ज्या कुटुंबाने काही काळ कोल्हापुरात काढला, त्यातली थोरली मुलगी. ‘राम राम पाव्हणं’ या 1950 सालच्या चित्रपटाला त्यांनी स्वतःच्या नावानेच संगीत दिले होते. मग पुढे टोपणनाव कशाला? चाली लोकांना रुचल्या नाहीत तर लताबाईंच्या नावाला उणेपणा यायला नको, या काळजीतून ती तोड निघाली, असे सांगतात. स्वतः भालजीही ‘योगेश’ या नावाने गीते लिहीत. ‘अखेरचा दंडवत’ त्यांचेच. तेव्हा नाव लपवण्याची रीत फक्त बायकांचीच होती असे मी म्हणत नाही. परंतु पुढे काय झाले ते ऐका. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाले. उत्तम संगीतकार म्हणून आनंदघन यांचे नाव पुकारले गेले, आणि लताबाई आपल्या जागी गप्प बसून राहिल्या. तेव्हा व्यासपीठावरून सांगण्यात आले, की आनंदघन म्हणजे याच. मग त्यांना उठावे लागले. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

भगिनींनो, ही हकीकत वाचली आणि मला रात्रभर झोप आली नाही. कारण तशीच एक जागा माझ्याही आयुष्यात येऊन गेली आहे.

आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसतात आणि कोजागिरीला उठतात. माझ्या सासूबाई दरवर्षी भुलाबाईची नवी गाणी रचीत. अक्षर-ओळख बेताची, पण आळीतल्या कोणाच्या घरी काय घडले ते बरोबर गाण्यात येई. कोणाची सून माहेरी अडकली, कोणाच्या नवऱ्याने कापसाच्या पैशाचे काय केले, खिरापत कोणी झाकून आणली. सगळे भुलोजीच्या नावावर घालून मोकळ्या! बायका हसून हसून वाकत, आणि ज्याला लागायचे त्याला बरोबर लागे. मी त्यांतले एकही गाणे लिहून घेतले नाही. रोज कानावर पडते ते लिहायचे कशाला, असे वाटे. त्या गेल्या आणि गाणीही गेली. दोन-तीन तेवढी अर्धीमुर्धी उरली.

काही वर्षांनी एका कार्यक्रमात आम्ही बायकांनी त्यांतले एक म्हटले. टाळ्या पुष्कळ पडल्या. निवेदक म्हणाले, “हे होते एक पारंपरिक गीत.” मी समोरच उभी होते. ‘पारंपरिक नव्हे, हे माझ्या सासूबाईंचे,’ एवढे पाच शब्द मला बोलता आले असते. मी बोलले नाही. चारचौघांत कशाला, असे वाटले. लताबाई गप्प बसल्या तेव्हा त्यांचे नाव सांगणारे कोणीतरी व्यासपीठावर होते. माझ्या सासूबाईंचे नाव सांगणारी त्या सभेत मी एकटीच होते, आणि मीच गप्प बसले.

तर त्या जळालेल्या नाट्यगृहासमोर माझ्या मनात आले ते हे. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत भालजींचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि आज मी सांगितलेली आनंदघनांची गाणी त्यानंतरचीच आहेत. शाळकरी वयाच्या खेबूडकरांचे घरही त्याच जाळपोळीत गेले, तरी पुढे त्यांच्या हातून ‘ऐरणीच्या देवा’ लिहिले गेले. केशवराव भोसले नाट्यगृहही पुन्हा उभारण्याचे शासनाने ठरवले. भिंत पुन्हा बांधता येते, कारण ती कशी होती ते कुठे ना कुठे लिहिलेले असते. न लिहिलेले गाणे मात्र आग न लागताच जळून जाते.

कोल्हापूर हे गाण्याचे गाव झाले ते काही तिथल्या पाण्यामुळे नव्हे. राजाने गवई सांभाळला, लोकांनी नाटक मंडळी पोसली, शिक्षकाने गीते लिहिली. आणि ज्याचे गाणे त्याचे नाव, आज ना उद्या, घेतले गेले. सुधीर फडकेही मूळ तिथलेच. त्यांच्याविषयी बोलायचे तर दुसरा दिवस काढावा लागेल. आपल्या दारव्ह्यात गाणे कमी आहे असे मला वाटत नाही. भुलाबाईची आहेत, जात्यावरची आहेत, कापूस वेचतानाची आहेत. कमी आहे ती वही.

म्हणून मी आज एक दोनशे पानी वही आणली आहे. ती त्या टेबलावर हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवली आहे. पहिल्या पानावर सासूबाईंचे नाव आणि त्यांचे जेवढे आठवले तेवढे गाणे मी लिहिले आहे. मधल्या दोन ओळी मला आठवत नाहीत. तिथे जागा कोरी सोडली आहे. आमच्या आळीतल्या जुन्या मावशी, काकू इथे बसल्या आहेत. कोणाला त्या ओळी आठवत असतील तर कृपा करून आजच सांगा. आणि बाकीच्या भगिनींनी आपापल्या आईची, आजीची, सासूची, मोलकरणीचीसुद्धा गाणी लिहावीत. लिहिता येत नसेल तर नातीला बसवावे, नातीजवळ फोन असेल तर त्यात आवाज धरून ठेवावा. फक्त प्रत्येक गाण्याखाली जिचे गाणे तिचे नाव हवे. ‘पारंपरिक’ हा शब्द तेव्हाच लिहायचा, जेव्हा खरोखरच कोणालाही नाव आठवत नाही.

पुढच्या कोजागिरीला भुलाबाई उठतील तेव्हा त्या वहीतली गाणी आपण म्हणू, आणि म्हणण्याआधी नाव सांगू. या खेपेला मी गप्प बसणार नाही.

आता वहीकडे चला.