मंगळाच्या मातीची परीक्षा



मंगळ म्हटला की आपल्या मंडळींना प्रथम वधूवरांच्या पत्रिका आठवतात. तो मंगळ आज बाजूस ठेवू. आकाशातील मंगळावर जीव आहे काय, हा प्रश्न मानवाने तेथील मातीलाच विचारला, त्याची हकिगत आम्ही सांगणार आहोत.

इ. स. १९७६ मध्ये अमेरिकेची व्हायकिंग नावाची दोन याने, एक २० जुलै रोजी व दुसरे ३ सप्टेंबर रोजी, मंगळावर उतरली. पृथ्वीवरील जंतू सोबत जाऊ नयेत म्हणून उड्डाणापूर्वी ती शंभर अंशांहून अधिक उष्णतेत सुमारे ४० तास ठेविली होती. सोवळे म्हणतात ते हेच!

यानांवर जीव शोधणारे तीन प्रयोग होते. त्यांपैकी गिल्बर्ट लेव्हिन यांचा प्रयोग आम्हांस विशेष वाटतो. हे गृहस्थ मूळचे सार्वजनिक आरोग्याचे अभियंते. पाण्यातील जंतू लवकर ओळखण्याची युक्ती त्यांनी काढली होती. तीच मंगळावर गेली. किरणोत्सर्गी कार्बन असलेला पोषक द्रव मातीवर टाकावयाचा. मातीत जीव असेल तर तो ते अन्न खाईल आणि बाहेर पडणाऱ्या वायूत तो कार्बन सापडेल. दोन्ही ठिकाणी असा वायू निघाला. त्याच मातीचा दुसरा भाग १६० अंशांपर्यंत तापवून पाहिला, तेव्हा निघाला नाही. उष्णतेने जीव मेले, असेच कोणीही म्हणेल. परंतु तोच द्रव दुसऱ्यांदा टाकला असता नवा वायू आला नाही. पुन्हा अन्न मिळूनही जंतू स्वस्थ राहावेत, हे चमत्कारिकच. शिवाय दुसऱ्या एका यंत्राने माती ५०० अंशांपर्यंत तापविली, तर तीत सेंद्रिय द्रव्य, म्हणजे जीवाच्या देहाची सामग्री, आढळेना. क्लोरिनयुक्त दोन संयुगे तेवढी मिळाली. ती यंत्र धुण्याच्या द्रावणाचा अवशेष मानली गेली. देहच नाही तर जीव कोठला, असा निवाडा बहुतेक शास्त्रज्ञांनी दिला. अमेरिकेचे पुढचे यान मंगळावर उतरावयास १९९७ साल उजाडले.

२००८ मध्ये फिनिक्स यानाला तेथील मातीत परक्लोरेट नावाचा क्षार सापडला आणि खटला पुन्हा उभा राहिला. हा क्षार थंडीत शांत असतो, तापला की सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतो. चिलीतील आटाकामा वाळवंटाच्या मातीत तो मिसळून तापविला, तेव्हा नेमकी तीच दोन संयुगे निघाली. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या उष्णतेने पुरावा शोधावयाचा, तिनेच तो भस्म केला असण्याचा संभव आहे. पुढे क्युरिऑसिटी यानाला सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सेंद्रिय द्रव्य मिळाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले.

म्हणून लेव्हिन यांचा पक्ष सिद्ध झाला काय? आमच्या मते, नाही. सेंद्रिय द्रव्य उल्कांतूनही येते, आणि वायू मातीतील रसायनांमुळेही निघू शकतो. लेव्हिन मात्र २०२१ मध्ये निधन पावेपर्यंत आपल्या मतावर ठाम होते. आम्हांस खेद वाटतो तो निराळाच. जिवंत जंतूंची तशी थेट परीक्षा नासाने मंगळावर पुन्हा केलीच नाही. पूर्वी तेथे पाणी होते काय, याचाच शोध बहुधा चालला.

२०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स यानाला जेझेरो विवरातील एका खडकावर ठिपके दिसले. असे ठिपके जंतूंमुळे पडू शकतात, जंतूंवाचूनही पडू शकतात. त्या खडकाचा तुकडा नळीत बंद केला आहे. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तो आल्याखेरीज निर्णय होणे कठीण. आणि ती नळी अद्याप मंगळावरच आहे.