अब्बांचा औषधांचा डबा



आज मी एका बिस्किटांच्या डब्याबद्दल बोलणार आहे. अब्बा त्यात आपली औषधं ठेवायचे. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या, अर्ध्या पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया. अब्बा गेले, चाळिसावा झाला, तरी डबा कपाटावर तसाच. मी विषय काढला की अम्मी म्हणायची, "राहू दे बेटा, कुणा गरिबाच्या कामी येतील. सवाब मिळेल." मीही गप्प बसायचो.

एका संध्याकाळी माझी तीन वर्षांची मुलगी खुर्चीवर चढली आणि तिने डबा उघडला. ग्लिमेपिराइडच्या पट्टीतली एक गोळी कमी दिसली. आम्ही दवाखान्यात धावलो. ही गोळी रक्तातली साखर उतरवते; लहान मुलाला एकही घातक ठरू शकते. रात्रभर तिच्या इवल्या बोटातून रक्त काढून साखर तपासत होते. अल्हम्दुलिल्लाह, ती वाचली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करतात. ऑफिसात मी हे कधी विसरलो नाही. घरात मात्र तो डबा उघडा ठेवला.

अम्मीची नियत नेक होती. पण उघडी पट्टी, मुदत संपलेली गोळी, दुसऱ्याच्या आजाराचा डोस देणं ही खैरात नव्हे. जी गोळी आपण आपल्या लेकराला देणार नाही, ती गरिबाला कशी द्यायची?

मग संडासात टाकायची? तेही नको. सांडपाण्यातली सगळीच औषधं शुद्धीकरणात निघून जात नाहीत. ती नदीत उतरतात. गिधाडं आठवा. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आपण वापरून झालो म्हणून औषध संपत नाही.

तर काय करायचं? गोळ्या पट्टीतून काढा, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा. बाटलीवरचं नाव खोडा. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरा. कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या ताईंना त्या टोचतात. इनहेलर फोडू किंवा जाळू नका. मॉर्फिन, फेंटानिलसारखी मोजकी तीव्र औषधं घरात असतील तर औषध दुकानदाराला विचारा. त्यांचे नियम वेगळे आहेत.

हे सगळं ओल्या-सुक्यात न टाकता वेगळं द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' म्हणूनच मोजली होती. पण तो घेणार कोण? केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून नकोशी औषधं गोळा करण्याचा सरकारी उपक्रम सुरू केला. आपल्या मोहल्ल्यात अशी पेटी का नसावी? नगरसेवकाकडे अर्ज करू या. मशिदीच्या कमिटीशी, मेडिकलवाल्याशी बोलू या.

वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती वाट कधी आपल्याच घरातून जाते. येत्या जुम्म्याला नमाजानंतर घरी गेलात की आधी डबा खाली काढा, आणि अम्मीला शेजारी बसवून एकेक पट्टीची तारीख वाचा.