पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात एकीचे दोन हप्ते थकले. ती बैठकीला आली की आम्ही तोंडं फिरवायचो. घरी भाकरी थापतानाही डोक्यात तेच, तिला काय सुनवायचं. हात पिठात, मन भांडणात. भाकरी करपायची आणि बोलणी पोरांना बसायची.

आमच्यातली एक जण इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेली. तिथं १९७६ पासून शिबिरं होतात. शिबिर दहा दिवसांचं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फी नाही. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा. दहा दिवस घर सोडणं आम्हाला जमणारं नव्हतं. म्हणून तिनं श्वास बघण्यापुरतं शिकवलं. बैठकीआधी पाच मिनिटं आम्ही ते करू लागलो.

करायचं काय? पाठ ताठ ठेवून बसायचं. डोळे मिटायचे. श्वास मुद्दाम ओढायचा नाही. आत आला, कळलं. बाहेर गेला, कळलं. मन पळणारच, चुलीकडे, गोठ्याकडे, उधारीकडे. पळालं हे ध्यानात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासाकडे यायचं. राग आला तर ‘राग आलाय’ एवढंच बघायचं. दूध तापत ठेवलं की आपण नजर ठेवतो, दुधावर रागावत नाही. तसंच हे.

सुरुवातीला हसू यायचं, कुणाला डुलकी लागायची. महिनाभरानं एका बैठकीत डोळे उघडले तर ती रडत होती. कुणी काही बोललं नाही. मग तीच बोलली. कर्ज काढून घेतलेल्या दोन्ही शेळ्या दगावल्या होत्या. आम्ही हप्ता मागितला होता, पण शेळ्यांचं विचारलंच नव्हतं.

शांत बसल्यानं कर्ज फिटलं नाही. पण त्या दिवशी आम्हाला ऐकू आलं. आम्ही हप्ता लहान करून दिला. आता ती दर महिन्याला भरते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. नुसतं बघणं म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. घरात मारहाण होत असेल तर बोलायचं, मदत मागायची. आणि झोप उडाली, सारखं रडू येतंय, जीव नकोसा झालाय असं असेल, तर श्वासावर भागवू नका. दवाखान्यात जा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

बाकी उद्या पहाटे चूल पेटवायच्या आधी पाच मिनिटं बसून बघा. श्वास आपलाच आहे, तो कुणाकडून उसना आणायचा नाही.