मोकळं केलं, पण जमीन कुठाय?

(चाकण येथील कातकरी-ठाकर मेळाव्यातलं भाषण)



पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. का? त्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली म्हणून. पण पुढं त्या गुलामांचं काय झालं, ते आपण ऐकलं पाहिजे.

चार वर्षं तो देश आपसात लढला. १८६५ साली लढाई संपली, सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. शेर्मन नावाच्या सेनापतीनं हुकूम काढला, समुद्रकाठची जमीन यांना द्या, कुटुंबामागं ४० एकरांपर्यंत. लोक कसायलाही लागले. त्याच वर्षी नवा अध्यक्ष जॉन्सन आला आणि त्यानं बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देवविली. पुढं काळ्यांना मत मिळालं, त्यांची माणसं निवडूनही गेली. पण पोटासाठी त्याच मालकाच्या शेतात वाट्यानं राबायचं. दाणे उधार, बियाणं उधार, हिशोब मालकाच्या वहीत. १८७७ नंतर गोरे-गोरे एक झाले. काळ्यांची मतंही हळूहळू काढून घेतली. देश जुळला, पण यांच्या पाठीवर.

वळखीचं वाटतंय ना? पावसाळ्यात चूल पेटत नाही म्हणून आपण उचल घेतो. दिवाळीनंतर बायका-पोरांसह वीटभट्टीवर जातो. हंगाम सरतो, उचल फिटत नाही. १९७६ च्या वेठबिगार कायद्यानं असलं बिगारीचं कर्ज रद्द झालंय. ते वसूल करणं गुन्हा आहे. पण त्या कायद्यानं कसायला जमीन दिली नाही. ‘उचल घेऊ नका’ म्हणणं सोपं आहे हो. आखाडात खायचं काय?

आता इथं कारखाने आले, जमिनीला भाव आला. भरपाई कुणाला? सातबाऱ्यावर नाव त्याला. आपल्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यात बसल्यात. तो विकून मोकळा होईल, आपण झोपडं डोक्यावर घेऊन कुठं जायचं?

म्हणून वाडीवार यादी करा. किती घरं, किती पिढ्या, कुणी लावलेली झाडं, सगळं लिहा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या. एकेकट्यानं जाऊ नका, सगळी वाडी मिळून राजगुरुनगरला तहसीलदाराकडं अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि फक्त घराखालची जागा मागू नका, कसायची जमीनबी मागा.

नुसतं मोकळं करणं म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं आपल्याला करायचंय.

जमीन आमच्या हक्काची!