कोळंबीपासून किरणांपर्यंत



कर्करोगावरचे किरणोपचार, वैद्यकीय प्रतिमाशास्त्र आणि मासळीचं जैवरसायन हे तीन विषय या परिषदेसाठी रत्नागिरीत एका मांडवाखाली आणायचं ठरलं तेव्हा अनेकांनी विचारलं, यांचा एकमेकांशी संबंध काय? माझं आजचं भाषण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. संबंध आहे, आणि तो रुग्णाच्या शरीरात आहे. किनाऱ्यावरचा माणूस उपचाराला येतो तेव्हा आपण त्याला तीन खात्यांत वाटून घेतो. पण एका खात्यातला गैरसमज त्या खात्यात थांबत नाही. तो दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि शेवटी किरणांच्या मात्रेपर्यंत पोहोचतो.

उदाहरण देतो. सीटी स्कॅनच्या आधी रुग्णाकडून जो कागद भरून घेतला जातो, त्यात अजूनही पुष्कळ ठिकाणी एक प्रश्न असतो: मासे किंवा कोळंबी बाधते का? कोकणातल्या माणसाने ‘हो’ म्हटलं की शिरेतून द्यायचं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषध टाळलं जातं, नाहीतर तपासणी पुढे ढकलली जाते. यामागची समजूत अशी की मासळीत आयोडीन असतं, कॉन्ट्रास्टमध्येही आयोडीन असतं, म्हणून ज्याला एक बाधतं त्याला दुसरंही बाधणार. ऐकायला सरळ वाटतं, पण ते खरं नाही. आयोडीन आपल्या प्रत्येकाच्या थायरॉइड ग्रंथीत आहे, रोजच्या मिठातून आपण ते खातो. कोळंबीची ॲलर्जी प्रामुख्याने होते ती तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. १९९३ साली हे दाखवून देणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक होते, आणि त्यांनी अभ्यासली ती भारतीय किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी. हे प्रथिन उकळूनही टिकतं, म्हणून शिजवलेली कोळंबीसुद्धा बाधते. झुरळांत आणि घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत याच जातीची प्रथिनं असतात. कॉन्ट्रास्टच्या रेणूत यातलं काहीच नाही.

दुसरीही गोष्ट लक्षात घ्या. ‘मला बांगडा बाधतो’ असं सांगणाऱ्या सगळ्यांना ॲलर्जी असतेच असं नाही. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फ वेळेत मिळाला नाही तर जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग जेवणानंतर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, पण ही विषबाधा आहे, आणि शिजवल्याने हिस्टामिन नाहीसं होत नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने त्यासाठी किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे एखाद्या होडीवर बर्फ कमी पडला, त्या दिवशीचा बांगडा कुणाच्या तरी ताटात आला, आणि त्याच्या केसपेपरवर जन्मभरासाठी ‘माशाची ॲलर्जी’ असा शिक्का बसला.

आता हा शिक्का कुठवर जातो ते पाहा. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे तोंडाचे कर्करोग फार. हा आजार मानेतल्या गाठींत उतरतो. कॉन्ट्रास्ट दिलं की रक्तवाहिन्या उजळतात आणि गाठ त्यांच्यापासून वेगळी दिसते. ते दिलं नाही तर सगळं एकाच करड्या रंगात मिसळतं. किरणोपचाराचं नियोजन करणारा डॉक्टर याच प्रतिमेवर, एकेका छेदावर, गाठीची सीमा हाताने आखतो. सीमा अंदाजाने आखावी लागली आणि त्याने सावधगिरी म्हणून ती रुंद धरली, तर लालाग्रंथी किरणांत सापडते आणि रुग्णाचं तोंड कायमचं कोरडं पडतं. अरुंद धरली तर आजार मागे राहतो. कोळंबीतल्या एका प्रथिनाबद्दलचं अज्ञान असं गालापर्यंत आणि मानेपर्यंत येतं. विचारायला हवं ते हे: पूर्वी कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया आली होती का, दमा आहे का, मूत्रपिंडं कशी आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची मार्गदर्शक पुस्तिकाही कोळंबीच्या ॲलर्जीकडे इतर कुठल्याही ॲलर्जीसारखंच पाहते, निराळी बंदी घालत नाही. तो प्रश्न आपल्या फॉर्मवरून काढून टाकावा, अशी माझी या परिषदेला आग्रहाची विनंती आहे.

प्रतिमा आणि किरण यांचं नातं आपण नवीन मानतो, पण सीटीचं एक मूळ किरणोपचाराच्याच गरजेत आहे. १९५६ साली केपटाउनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात ॲलन कॉरमॅक नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे किरणोत्सारी पदार्थांची देखरेख आली. त्याच्या लक्षात आलं की मात्रेची कोष्टकं सगळं शरीर एकजिनसी आहे असं धरून केलेली आहेत, जणू हाड, फुप्फुस आणि चरबी सारखीच किरणं शोषतात. तेव्हा आतल्या प्रत्येक ठिकाणचं शोषण बाहेरूनच मोजता येईल का, हा प्रश्न त्याने धरला आणि त्याचं गणित मांडलं. १९६३ आणि १९६४ साली त्याने ते प्रसिद्ध केलं, पण वैद्यकात फारशी कुणी दखल घेतली नाही. ज्या थोड्यांनी विचारणा केली त्यांत स्वित्झर्लंडमधलं हिमप्रपाताचा अभ्यास करणारं केंद्र होतं. पुढे गॉडफ्रे हाउन्सफील्डने स्वतंत्रपणे यंत्र बनवलं, १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, आणि १९७९ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. म्हणून नियोजनासाठी स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाला मी नेहमी सांगतो, तू फोटो काढत नाहीस, तू मात्रा मोजतोस.

एमआरआयच्या इतिहासात तर समुद्राचा थेट हात आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पहिली प्रतिमा छापली ती पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची. त्यानंतर जिवंत प्राणी हवा होता, आणि पहिला मान मिळाला तो त्यांच्या मुलीने लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या एका छोट्याशा शिंपलीला. आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या नात्यातलीच ती. एमआरआय बघते ते पाण्यातल्या हायड्रोजनला, आणि पाणी कुठे मोकळं आहे, कुठे प्रथिनांना धरून आहे हे ती ओळखते. त्याच तत्त्वावरची छोटी यंत्रं आज मासळीच्या मांसातलं पाणी मोजायला वापरतात. बोंबलासारख्या माशात, ज्याच्या अंगात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं, या मोजणीला फार महत्त्व आहे.

आता पाण्याबद्दलच थोडं सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते तिन्ही विषयांचा गाभा तिथे आहे. तोंडाच्या कर्करोगाला आपण साधारण ७० ग्रे मात्रा देतो, रोज दोन ग्रे याप्रमाणे सात आठवडे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. सगळी ७० ग्रे एकदम दिली तरी पाण्याचं तापमान अंशाच्या साठाव्या भागाइतकंच वाढेल. मग गाठ मरते कशाने? उष्णतेने नाही. किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल हा अतिशय उतावळा रेणूखंड तयार होतो आणि तो शेजारच्या डीएनएवर तुटून पडतो. क्ष-किरणांच्या बाबतीत डीएनएच्या एकूण नुकसानीपैकी सुमारे दोन तृतीयांश अशा मार्गाने होते. या नुकसानीवर शिक्कामोर्तब करतो तो ऑक्सिजन. तो नसेल तर पेशी स्वतःला सावरून घेते. म्हणून प्राणवायूविना राहिलेल्या पेशींना मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. ज्यांच्या नावाने आपण मात्रा मोजतो त्या ग्रे यांनी आणि टॉमलिन्सन यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या गाठींत दाखवलं की रक्तवाहिनीपासून काही अंतरावर पेशी प्राणवायूविना मरू लागतात. मात्रा तुकड्यातुकड्यांनी देण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे: बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना प्राणवायू मिळतो आणि त्या उद्याच्या किरणांना बळी पडतात.

हीच रसायनक्रिया मासळीत होते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षांपूर्वीच बोंबील आणि कोळंबीवर गॅमा किरणांचे प्रयोग झाले. स्रोत तोच, कोबाल्ट-६०, जो आपल्याच भाभाट्रॉन यंत्रात बसवून आपण रुग्णांना किरण देतो. मासळी अधिक दिवस टिकावी म्हणून भारतीय नियमांनुसार १ ते ३ किलोग्रे मात्रा देता येते. पण तिथे ऑक्सिजन शत्रू ठरतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत तो चरबीला खवट करतो, म्हणून मासळी बर्फात आणि हवाबंद ठेवूनच किरण द्यावे लागतात. गाठीत आपण ऑक्सिजनला आत आणायला धडपडतो, मासळीत बाहेर ठेवायला. दोन्हीकडचे संशोधक एकमेकांचे निबंध वाचतील तर दोघांचाही वेळ वाचेल, असं माझं ठाम मत आहे.

भीतीही दोन्हीकडे एकच आहे. किरण दिलेला मासा किरणोत्सारी होतो का, असं बाजारात विचारतात. बाहेरून किरण घेऊन घरी गेलेली आई विचारते, नातवाला मांडीवर घेऊ का? दोघांनाही उत्तर एकच: कोबाल्टच्या गॅमा किरणांत पदार्थाला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा नाही. नातवाला खुशाल घ्या. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात घेतलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी, त्याला काही दिवस वेगळं राहावं लागतं. हा फरक मराठीत, सोप्या शब्दांत छापून प्रत्येक किरणोपचार विभागात ठेवायला हवा.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती पथ्याची बाब. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहून सात आठवडे मुंबईत उपचार घेणारा आपल्या भागातला माणूस, घरची मंडळी ‘मासे उष्ण असतात’ म्हणून त्याची मासळी बंद करतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंडाला आतून फोड येतात, भाकरी गिळवत नाही, डाळीचं पाणी आणि चहा यावर दिवस निघतो. वजन उतरतं. चेहरा उतरला की किरण देताना डोकं स्थिर ठेवणारा, त्याच्या मापाने बनवलेला मास्क सैल पडतो, मान आत हलू लागते, लालाग्रंथी आकसून मधल्या बाजूला सरकते, आणि आपण मिलिमीटरने आखलेली मात्रा दुसरीकडेच पडते. यंत्रावरचं कोन-बीम सीटी हे आपल्याला रोज दाखवतं. आपण मग नवा मास्क करतो, नवं नियोजन करतो. पण वजन का उतरलं, हे विचारायला त्या खोलीत कोण असतं? माशाच्या मांसात संयोजी ऊती फार कमी, आणि तिचं कोलॅजेन गाईगुरांच्या मांसापेक्षा कमी तापमानाला विरघळतं. म्हणून मऊ उकडलेला, तिखट-मसाला न घातलेला मासा दुखऱ्या तोंडालाही सोसतो आणि त्यात उत्तम प्रथिन असतं.

मासळीच्या नावावर विकल्या जाणाऱ्या औषधांपासून मात्र सावध राहा. शार्कला कर्करोग होत नाही असं सांगणारं पुस्तक १९९२ मध्ये गाजलं आणि शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. शार्कला कर्करोग होतो. कूर्चेच्या अर्काची खरी परीक्षा किरणोपचार आणि केमोथेरपी घेणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर झाली, निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. याउलट समुद्राकडून मिळालेलं खरं औषध हवं असेल तर सायटाराबिन पाहा. कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात सापडलेल्या रेणूंवरून ते सुचलं आणि रक्ताच्या कर्करोगात आज ते रोजचं झालं आहे. फरक आहे तो काटेकोर चाचणीचा.

शेवटी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या आणि इथे आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवतो. रत्नागिरीत सुरिमी बनते. राणी माशासारख्या स्वस्त मासळीचं मांस धुऊन त्याचा वास आणि विरघळणारी प्रथिनं काढून टाकतात, आणि उरलेल्या स्नायूप्रथिनाचा मीठ व उष्णता यांच्या प्रमाणाने हवा तितका मऊ किंवा घट्ट गोळा करता येतो. तोंडात फोड आलेल्या रुग्णाला न खुपणारा, कमी मिठाचा, घशातून सहज उतरणारा असा गोळा तुम्ही तयार करा. पोत यंत्राने मोजा, हिस्टामिन तपासा, कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनचा अंशही नसावा म्हणून तिच्यापासून वेगळ्या ओळीवर बनवा. आहारतज्ज्ञ तो सात आठवडे रुग्णांना देतील आणि दर सोमवारी वजन घेतील. आम्ही भौतिकीवाले कोन-बीम सीटीवर मास्क आणि त्वचा यांतलं अंतर मोजू आणि मात्रा किती हलली ते सांगू. नैतिक समितीची परवानगी, रुग्णांची संमती आणि तुलनेसाठी दुसरा गट हे आधी ठरवावं लागेल. उद्या दुपारच्या सत्रानंतर मी याच सभागृहात थांबणार आहे. ज्यांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी वही घेऊन यावं, आपण आराखडा लिहायला बसू.